पोटमाळ्यावरच्या कॅसेटची किंमत

शहापूर-टिळकवाडीच्या घरांत पोटमाळा आवरताना टीव्ही गेमची पिवळी, ‘९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट निघाली की पहिला प्रश्न ठरलेला: हिचे किती येतील? बहुतेक वेळा काहीच नाही. उघडून पाहिली तर आत छोटी पट्टी आणि तिच्यावर काळ्या राळेचा एक ठिपका असतो. त्या ठिपक्याखाली सगळा गेम. असल्या कॅसेटी इतक्या निघाल्या की मोजदाद नाही, आणि त्या शोधत फिरणारंही कोणी नाही.

भाव वयावर ठरतच नाही. किती निघाल्या, त्यातल्या किती टिकल्या आणि आज किती जणांना हव्यात, यावर तो ठरतो.

अस्सल कॅसेटीत मास्क रॉम चिप असे. गेम कारखान्यातच चिपमध्ये कोरला जाई, नंतर बदलता येत नसे. ऑर्डर आधी, पैसेही आधी. खपाची खात्री नसली की प्रकाशक कमीच काढायचे, आणि उशिरा मागणी आली तरी पुन्हा काढणं परवडत नसे. ‘अर्थबाउंड’ हा सुपर निन्टेंडोचा (टीव्हीला जोडायच्या जुन्या गेम यंत्राचा) गेम १९९५ साली अमेरिकेत मोठ्या खोक्यात, पुस्तकासकट आला आणि फारसा खपला नाही. पुढे त्यातला नायक नेस ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ या दुसऱ्या गेममध्ये दिसला, लोकांना मूळ गेम हवासा झाला, पण कॅसेटी होत्या तेवढ्याच.

डाउनलोडवाल्या गेमचंही सुखाचं नाही. ‘स्कॉट पिलग्रिम’चा गेम २०१४ साली दुकानांतून काढला गेला, परत यायला २०२१ उजाडलं. अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात दिसलं.

आपल्या भागात आणखी एक भानगड. प्लेस्टेशन २ बहुतेक ‘चिप मारलेले’, म्हणजे नकली डिस्क चालावी म्हणून आत जादा चिप बसवलेले, आणि डिस्कही नकलीच. त्यामुळे जगात ढिगाने मिळणाऱ्या गेमचीही अस्सल प्रत बेळगाव-निपाणीकडे क्वचित दिसते. हैदराबादला बनलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ (२००९) अस्सल डिस्कवर, पुस्तिकेसह हाती आला तर भंगारात घालू नका.

उरलंसुरलं पाऊस खातो. खानापूरकडच्या ओलीत पुठ्ठ्याचं खोकं आधी जातं, म्हणूनच खोक्यासह असलेली प्रत सुट्या कॅसेटीच्या कितीतरी पट भावाने जाते. कौलांखाली ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा आणि आत ओल शोषणारं, रंग बदलणारं सिलिका जेल. त्याचा रंग बदलला की ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरा. सीडी उजेडासमोर धरून पाहा: टाचणीएवढी भोकं दिसली तर आतला ॲल्युमिनियमचा थर गेला. सीडीवर चित्राच्या बाजूचा ओरखडा जास्त वाईट, कारण तो थर तिथेच, पातळ लाखेखाली असतो.

कॅसेटीत सेव्ह होत नसेल तर बहुधा सेल संपलेला असतो. खोलायला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट (अशा स्क्रूंसाठीचा खास पेचकस) लागतो, साध्या पेचकसाने स्क्रू सोलवटतो. सुपर निन्टेंडोत बहुतेक सीआर २०३२, ‘पोकेमॉन गोल्ड’मध्ये सीआर २०२५, तिथे घड्याळही सेलवरच चालतं, म्हणून तो लवकर उतरतो. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो. पत्र्याचे पाय जोडलेलाच सेल आणा. साध्या सेलला थेट सोल्डरचा डाग दिला तर तो तापून फुटू शकतो. अधिक-उणे जुन्यासारखंच. सेल काढला की जुना सेव्ह पुसला जातो, हे आधीच सांगितलेलं बरं.

गेमबॉय ॲडव्हान्सच्या नकला फार. अस्सल कॅसेटीत सोनेरी पिनांच्या वर पट्टीवर ‘निन्टेंडो’ छापलेलं बाहेरूनच दिसतं, आणि लेबलवर दोन अंकांचा दाबलेला ठसा असतो. ‘पोकेमॉन फायररेड’मध्ये सेल निघाला तर ती नक्कलच, अस्सलमध्ये सेव्हला सेल लागत नाही.

भाव पाहताना मागितलेला आकडा सोडा. ऑनलाइन लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी पाहता येते, तीच पाहा. सीलबंद ‘सुपर मारिओ ६४’ २०२१ साली १५ लाख ६० हजार डॉलरला गेला, पण तो भाव सीलचा आणि ग्रेडिंगच्या (प्रत किती चांगल्या अवस्थेत आहे ते ठरवणाऱ्या तपासणीच्या) चिठ्ठीचा. वापरलेली तीच कॅसेट आजही सहज मिळते.