आरएक्स १००चं इंजिन उघडताय? आधी सील बघा

यामाहा आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक मोटरसायकल आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. सिलिंडरचा व्यास ५० मिमी, पिस्टनची धावही ५० मिमी. गणित मांडलं की ९८ सीसी येतात. उरलेले दोन सीसी नावापुरते.

ही गाडी दाट पांढरा धूर फेकायला लागली की सल्ला ठरलेला असतो: ब्लॉक बोअर करा (सिलिंडर आतून कापून किंचित मोठा करा), नवा पिस्टन टाका. कधीकधी तो बरोबरही असतो. पण टू-स्ट्रोकमध्ये निम्मं काम पिस्टनच्या खाली चालतं. पिस्टन वर गेला की क्रँककेसमधला, म्हणजे खालच्या बंद पेटीतला, दाब घटतो, रीड व्हॉल्व्हच्या पातळ पट्ट्या उघडतात आणि कार्ब्युरेटरमधून हवा-पेट्रोल आत येतं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन ब्लॉकमधल्या पोर्टांमधून वर जातं. मिनिटाला ७,५०० फेऱ्या म्हणजे हे सेकंदाला १२५ वेळा. थोडक्यात, क्रँककेस हा पंप आहे आणि क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याची) दोन टोकं जिथून बाहेर पडतात तिथे तो फक्त दोन रबरी सिलांच्या भरवशावर असतो.

उजवं, क्लच बाजूचं सील कडक झालं की पलीकडचं गिअर ऑइल आत ओढलं जाऊन जळतं. गाडीखाली थेंब नाही, तरी ऑइल कमी होतंय? मग बोअरिंग कशाला? डावं, मॅग्नेट (वीज तयार करणारं चाक) बाजूचं सील जास्त घातक. तिथून नुसती हवा शिरते, पेट्रोलचं प्रमाण घटतं, पिस्टन तापतो आणि जाम होतो.

का, ते आकड्यांत बघा. ५० मिमीचा ॲल्युमिनियमचा पिस्टन १५० अंशांनी तापला तर साधारण ०.१५ मिमी फुगतो. बीडाचं लाइनर (सिलिंडरची आतली नळी) तेवढ्याच तापमानवाढीत जेमतेम निम्मं फुगतं, शिवाय बाहेरच्या फिन्समुळे ते थंडही राहतं. आणि थंड इंजिनात दोघांमधली फट असते काही शतांश मिमीची! म्हणून पिस्टनचं डोकं मुद्दाम किंचित बारीक घडवतात आणि मायक्रोमीटर लावायचा तो खालच्या घेराला, पिस्टनमधल्या आडव्या पिनच्या काटकोनात. जाम झालेल्या पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे दिसतात, कारण तीच बाजू सगळ्यात गरम. जुनं सील तसंच ठेवून नवा पिस्टन टाकला, तर त्याचीही तीच गत.

खोलणं, मोजणं, जोडणं घरी जमतं. बोअरिंग आणि क्रँकचं प्रेसिंग मात्र लेथवाल्याकडेच. क्रँककेसचे दोन भाग पुलरने (स्क्रूने खेचणाऱ्या हत्याराने) सोडवा. सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटले तर पडलेल्या चरीतून पुन्हा हवा शिरणारच. पिस्टनभोवतीची रिंग बसवताना तिची तोंडं खाचेतल्या बारीक पिनेशीच आली पाहिजेत. रिंग फिरू नये म्हणून ती पिन असते, नाहीतर टोक पोर्टमध्ये अडकून तुटतं.

जोडणी झाली की इनलेट आणि सायलेन्सरचं तोंड बंद करून हातपंपाने ०.४ बार हवा भरा. त्याहून जास्त नको, सीलच बाहेर येईल. पाचेक मिनिटं दाबमापकाचा काटा हलता कामा नये. हलला तर सांध्यांवर साबणाचा फेस लावा. हे मॅग्नेट आणि क्लचचं झाकण बसवण्याआधीच करायचं. मागाहून केलंत तर उजवीकडची हवा गुपचूप गिअरबॉक्समध्ये जाईल, आणि तुम्ही उगाच हेडच्या पॅकिंगवर संशय घेत बसाल.