पंखा कशाच्या आधारावर फिरतो?

छताच्या पंख्याचे वजन साधारण ४ ते ५ किलो असते, म्हणजे पाण्याने भरलेल्या दहा लिटरच्या बादलीच्या साधारण निम्मे. छतातला लोखंडी आकडा शाबूत असेल, तर तो याच्या कितीतरी पट वजन पेलू शकतो. तरीही पंखे निखळून पडतात, आणि बंद पंख्यापेक्षा वर्षानुवर्षे फिरत आलेला पंखा पडण्याचा धोका अधिक असतो. हे का होते हे एकदा नीट समजले, की पंखा बसवताना कोणत्या गोष्टीला किती महत्त्व द्यायचे हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

बहुतेक मोटारींचे कवच स्थिर असते आणि मधला दांडा फिरतो. छताच्या पंख्यात नेमके उलटे असते. तांब्याच्या तारेची वेटोळी असलेला स्टेटर मध्यभागी दांड्याला घट्ट धरलेला असतो, आणि त्याच्याभोवतीचे कवच पात्यांसह फिरते. स्टेटर कवचाला ज्या जोराने एका दिशेला ढकलतो, तेवढ्याच जोराने कवच स्टेटरला उलट दिशेला पीळ देते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. हा उलटा पीळ दांड्यातून वर शॅकलपर्यंत, म्हणजे दांड्याला आकड्यात अडकवणाऱ्या लोखंडी पकडीपर्यंत, आणि तिथून आकड्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबताना, वेग बदलताना आणि बंद करताना तो कमीजास्त होतो, त्यामुळे दांडा आट्यांवर बसवलेला असेल तर ते आटे हळूहळू सैल होऊ शकतात. म्हणूनच तिथे नुसता आटा पुरेसा मानत नाहीत. दांड्याच्या भोकातून आरपार बोल्ट घालतात, त्यावर नट आवळतात, आणि नट निसटू नये म्हणून बोल्टच्या टोकाच्या भोकात स्प्लिट पिन ओवतात.

या पिनेकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण ती करंगळीएवढीही नसते आणि घाईत हमखास राहून जाते. तिचे दोन पाय भोकातून बाहेर आल्यावर ते विरुद्ध दिशांना पूर्ण वाकवावे लागतात. नुसती आत सरकवलेली पिन कंपनाने सरकत सरकत बाहेर येऊ शकते. पिन हरवली म्हणून तिच्या जागी खिळा वाकवून घालणे मला अजिबात मान्य नाही. खिळा भोकात सैल बसतो, खडखडतो, झिजतो आणि एक दिवस गळून पडतो.

दुसरे बल पात्यांच्या असमतोलाचे. १२०० मिलिमीटर व्यासाचा पंखा मिनिटाला ३५० फेरे घेत असेल, तर पात्याचे टोक ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने धावत असते. समजा एक पाते इतरांपेक्षा १० ग्रॅमने जड आहे आणि हे जास्तीचे वजन केंद्रापासून अर्ध्या मीटरवर आहे. गणित केले तर दांड्याला बाजूने सुमारे ६.७ न्यूटनचा, म्हणजे जवळजवळ ७०० ग्रॅम वजनाइतका ओढा बसतो, आणि तो प्रत्येक फेऱ्यागणिक दिशा बदलत राहतो. तासाला असे २१,००० फेरे होतात. पंखा रोज ८ तास चालला तर वर्षाला ६ कोटींहून अधिक. एका झटक्यात न तुटणारी तार पुढेमागे वाकवत राहिले की तुटते, तसेच इथे घडते. म्हणून पाती नेहमी एकाच संचातली घ्यावीत, एका पंख्याचे पाते दुसऱ्याला लावू नये, आणि तिन्ही पात्यांची टोके छतापासून सारख्याच अंतरावर आहेत का हे मोजपट्टीने पाहावे. वाकलेल्या पात्याने डगमगणारा पंखा ‘चालतोय ना’ म्हणून तसाच ठेवू नये.

एक जुना पंखा उतरवताना मी त्याचा आकडा निरखून पाहिला होता. शॅकलमधला रबरी बुश, म्हणजे आकडा आणि बोल्ट यांच्यामधले रबरी कडे, कधीचा फाटून गेला होता आणि बोल्ट थेट लोखंडावर घासत होता. आकड्याच्या पोटात बोटाला सहज जाणवेल अशी खाच पडली होती. तेवढ्या जागी सळईची जाडी जवळजवळ निम्मी उरली होती. खाली उभे राहून यातले काहीच दिसत नव्हते, कारण ते सारे दांड्यावरच्या कपाने झाकलेले होते. नवा पंखा जुन्याच आकड्यावर चढवायचा असेल, तर आधी शिडीवर चढून आकडा पुसावा, गंज आणि खाच तपासावी. आकड्याभोवतीचा गिलावा फुगलेला किंवा तडकलेला दिसला, तर आतल्या लोखंडाला गंज चढला असण्याची शक्यता असते; गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापते आणि काँक्रीटला आतून फोडते. अशा ठिकाणी पंखा टांगू नये. शोभेच्या खोट्या छतावर तर पंख्याचा भार कधीच देऊ नये. दांडा लांब घेऊन तो वरच्या स्लॅबलाच धरायला हवा.

उंचीबद्दल थोडक्यात सांगतो. पाती जमिनीपासून निदान २.४ मीटर वर असावीत. पंखा हवा वरून ओढून खाली ढकलतो, त्यामुळे पाती आणि छत यांत २५ ते ३० सेंटिमीटर मोकळी जागा राहू द्यावी.

आता विजेचे. भिंतीवरचे बटण बंद केले म्हणजे पंखा निर्धोक झाला, असे धरून चालू नये. वायरिंग करताना चुकून बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलमध्ये (परतीच्या तारेत) घातले गेले असेल, तर पंखा थांबतो, पण त्याच्या तारांपर्यंत फेज पोहोचलेलीच असते. म्हणून टेस्टर आधी चालू असलेल्या एखाद्या सॉकेटवर तपासून घ्यावा, मग मेन स्विच बंद करावा आणि त्यानंतरच टेस्टर पंख्याच्या तारांना लावावा. शिडीवरच्या माणसाला बसलेला हलका झटकाही घातक ठरू शकतो, कारण त्या दचकण्याने तो खाली पडू शकतो. म्हणून शिडी धरायला दुसरे माणूस हवेच. पंख्याला अर्थिंगची जोडणी दिलेली असेल, तर ती वायर जोडल्याशिवाय सोडू नये. वेटोळ्यावरचे आवरण कधी जळाले तर कवचात उतरलेल्या विजेला सुरक्षित वाट तीच देते. जोडणीच्या तारांना थोडी ढील ठेवावी, म्हणजे पंख्याच्या हालचालीने त्या ताणल्या जाणार नाहीत आणि धातूच्या कडेवर घासणार नाहीत.

पंख्यासोबत पोलादी सुरक्षा दोर आला असेल, तर तो आकड्यापासून वेगळ्या, पक्क्या आधाराला बांधावा. आकड्यालाच बांधला तर आकडा तुटताच त्याचा उपयोग संपतो. पंखा पहिल्यांदा सुरू करताना खाली कोणी उभे राहू नये आणि वेग सावकाश वाढवावा. पंधरा दिवसांनी मेन स्विच पुन्हा बंद करून कप खाली सरकवावा, नट आणि पात्यांचे स्क्रू पाना लावून तपासावेत, आणि पिनेचे दोन्ही पाय अजून वाकलेलेच आहेत ना, ते पाहावे.