गेमच्या डब्यातले छापील मॅन्युअल का गेले?

एप्रिल 2010 मध्ये युबिसॉफ्ट या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीने जाहीर केले की प्लेस्टेशन 3 आणि एक्सबॉक्स 360 या गेमयंत्रांसाठीच्या तिच्या गेमच्या डब्यात यापुढे छापील मॅन्युअल नसेल आणि सूचना गेममध्येच, पडद्यावर वाचायला मिळतील. कागदाची आणि झाडांची बचत हे त्यामागचे जाहीर कारण होते. पुढच्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या दुसऱ्या गेम कंपनीनेही तोच मार्ग धरला. पर्यावरणाचे कारण खोटे नव्हते, पण ते अपुरे होते; छपाईचा खर्च वाचत होता, आणि पुस्तिका छापून झाल्यावर गेममध्ये बदल झाला तर ती चुकीची ठरण्याची अडचणही मिटत होती. शिवाय मॅन्युअलचे निम्मे काम तोवर गेमनेच स्वतःकडे घेतले होते.

हे काम मुळात कागदावर आले ते जागेच्या टंचाईमुळे. 1977 मध्ये बाजारात आलेल्या अटारी 2600 या गेमयंत्राच्या सुरुवातीच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेम साठवलेल्या डबीत, 2 ते 4 किलोबाइट एवढीच जागा असे, आणि 1985 चा सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा गेम 40 किलोबाइटांत बसवलेला होता. एवढ्यात कथा सांगायची सोय नव्हती. ती पुस्तिकेत छापली जाई. मारिओच्या मॅन्युअलमध्ये म्हटले आहे की कूपा या कासवांच्या टोळीच्या राजाने काळ्या जादूने मशरूम राज्यातल्या शांतताप्रिय रहिवाशांना दगड, विटा आणि रानरोपटी करून टाकले. मारिओ उडी मारून ज्या विटा फोडतो त्यांच्यामागे अशी एक करुण गोष्ट आहे, हे पडद्यावर कुठेच दिसत नाही.

कोल्हापुरात तर ही गोष्ट पोहोचण्याचा मार्गच नव्हता. नव्वदच्या दशकात गंगावेशीपासून राजारामपुरीपर्यंत घरोघरी टीव्हीला जोडले जाणारे व्हिडिओ गेम बहुतांशी निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या यंत्राच्या नकला होत्या, आणि एकाच ‘कॅसेट’मध्ये अनेक गेम भरलेले असत. मॅन्युअल कुठल्या गेमचे द्यायचे, हा प्रश्नच उद्भवत नसे. काँट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये ‘एस’ अक्षर उचलले की एकाच वेळी पसरून सुटणाऱ्या गोळ्या मिळतात, हे ज्ञान गल्लीतल्या थोरल्या मुलांकडून धाकट्यांकडे तोंडी येई. छापील पुस्तिकेची जागा इथे माणसांनी भरून काढली होती, आणि या तोंडी परंपरेची कुठेही नोंद झाली नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

संगणकावरच्या गेममध्ये मॅन्युअलला आणखी एक काम होते, ते म्हणजे चोरटी प्रत ओळखण्याचे. 1989 च्या प्रिन्स ऑफ पर्शियामध्ये सुरुवातीच्या टप्प्यानंतर अक्षरे लिहिलेल्या बाटल्यांची एक खोली येते. मॅन्युअलच्या अमुक पानावरील, अमुक ओळीतील, अमुक शब्दाचे पहिले अक्षर ज्या बाटलीवर आहे तीच प्यायची असते. निन्टेन्डोच्या 1990 च्या स्टारट्रॉपिक्समध्ये तर डब्यात एक पत्र असे आणि ते पाण्यात बुडवल्यावरच 747 हा आकडा उमटे. त्या आकड्यावाचून गेम पुढे सरकत नसे. कागद हा इथे गेमचाच भाग होता. हाच गेम पुढे वी या यंत्रावर विक्रीला आला तेव्हा डिजिटल मॅन्युअलमध्ये ते पत्र पाण्यात बुडवण्याची नक्कल करावी लागली, यावरून निव्वळ मजकूर पडद्यावर आणल्याने बदली पूर्ण होत नाही, हे निर्मात्यांनाही उमगले असावे.

सीडी आल्यावर जागेची टंचाई संपली, खेळता खेळता शिकवणारे टप्पे गेममध्येच आले आणि पुस्तिका बारीक होत गेली. निन्टेन्डोने 3डीएस (2011) आणि वी यू (2012) या यंत्रांत होम मेनूवरून उघडणारे मॅन्युअल दिले, आणि माझ्या मते डिजिटल पर्यायांपैकी हा सर्वांत विचारपूर्वक केलेला होता, कारण तो गेमसोबतच साठवला जाई. तिच्याच 2017 च्या स्विच या यंत्रात मात्र ही सोयही उरली नाही.

याच काळात गॉग या विक्रेत्याने 2008 पासून जुन्या गेमसोबत त्यांच्या मॅन्युअलच्या पीडीएफ फाइल द्यायला सुरुवात केली, आणि इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर हौशी लोकांनी स्कॅन केलेल्या पुस्तिका जमा होत गेल्या. कोल्हापूरच्या ज्या पिढीला डब्यातले मॅन्युअल कधी मिळालेच नाही, तिला मारिओची ती गोष्ट वाचायला मिळाली ती या स्कॅनमुळे. म्हणजे डिजिटल मॅन्युअल हे तिच्यासाठी कशाची बदली नसून पहिलेच मॅन्युअल होते. पण स्कॅन करायला आधी कागद लागतो. ज्या गेमच्या सूचना आता केवळ कंपनीच्या वेबपानावर आहेत, त्यांचे पान काढून टाकले गेले तर स्कॅन करण्यासारखे कोणाच्याच घरी काही नसेल, म्हणून गेमसोबत उतरवून घेता येईल अशी स्वतंत्र फाइल देण्याचा आग्रह खरेदीदारांनी आजच धरला पाहिजे.