कॉलमची नावं आणि टाइप टेबललाच विचारायची सोय कुठून आली

डेटाबेसच्या टेबलात कुठले कॉलम आहेत आणि कशाचा टाइप काय, म्हणजे त्यात मजकूर आहे, आकडा की तारीख, हे आज एका ओळीत कळतं. मायएसक्यूएल डेटाबेसवर डिस्क्राइब ही कमांड, पोस्टग्रेस डेटाबेसवर बॅकस्लॅश डी, झालं काम. पण कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या काळात हा प्रश्न डेटाला विचारताच यायचा नाही, कारण फाइल म्हणजे एकामागोमाग एक अक्षरं, त्यातली पहिली ३० म्हणजे नाव आणि पुढची ८ म्हणजे तारीख हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसायचं, ते असायचं प्रोग्रॅमच्या डेटा डिव्हिजन नावाच्या भागात. दहा प्रोग्रॅम तीच फाइल वाचत असतील तर दहाही ठिकाणी तेच वर्णन लागायचं, म्हणून मग ते वेगळ्या कॉपीबुकात, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना जोडता येईल अशा एका फाइलमध्ये, ठेवायची पद्धत पडली. कॉपीबुक हरवलं की डेटा समोर असूनही अर्थ लागायचा नाही.

खरा बदल झाला तो आयबीएमच्या सॅन होजेच्या लॅबमध्ये. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे सगळा डेटा टेबलांच्या रूपात मांडायच्या पद्धतीचा, पेपर लिहिला आणि त्यावरून तिथे सत्तरच्या दशकात सिस्टिम आर ही डेटाबेस सिस्टिम बनली. तिच्यात टेबलांची माहितीसुद्धा टेबलांमध्येच ठेवली, म्हणजे ग्राहकांची यादी ज्या सिलेक्टने (एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतली डेटा मागायची कमांड) काढायची त्याच सिलेक्टने कॉलमची यादी काढायची, वेगळं काही शिकायला नको. मला विचाराल तर एसक्यूएलमधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे. १९८५ मध्ये कॉड यांनी जे प्रसिद्ध बारा नियम मांडले त्यातला चौथा नेमका हाच, आणि आयबीएमच्याच डीबीटू डेटाबेसमध्ये सिसकॉलम्स नावाचं कॅटलॉग टेबल याच विचाराचं.

पीसीवर मात्र डीबेस या डेटाबेस प्रोग्रॅमने वेगळी वाट धरली. त्याच्या डीबीएफ फाइलच्या सुरुवातीलाच हेडर, त्यात प्रत्येक फील्डला म्हणजे कॉलमला ३२ बाइट, त्यात नाव, लांबी आणि टाइपचं एक अक्षर, सी म्हणजे कॅरेक्टर, एन म्हणजे न्यूमरिक, डी म्हणजे डेट. डिस्प्ले स्ट्रक्चर म्हटलं की हे सगळं स्क्रीनवर यायचं, डीबेससारख्याच फॉक्सप्रोवर काम केलेल्यांना आठवेल. नावाला जागा १० अक्षरांचीच. नकाशांच्या शेपफाइलसोबत अजूनही डीबीएफ येते, त्यामुळे तिथे कॉलमची नावं आजही मधेच तुटलेली दिसतात.

सगळ्यांसाठी एकच पद्धत हवी म्हणून एसक्यूएलच्या १९९२ च्या स्टँडर्डमध्ये इन्फर्मेशन स्कीमा, म्हणजे टेबलांची आणि कॉलमची माहिती ठरलेल्या नावांनी मिळायची जागा, आली, पण तोवर प्रत्येकाने आपापलं घर बांधून टाकलं होतं. ओरॅकल डेटाबेसमध्ये त्यासाठी ऑल टॅब कॉलम्स, त्यांनी इन्फर्मेशन स्कीमा आजही घेतलेली नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवाल्यांच्या हाताला एसपी हेल्प या कमांडची सवय. पोस्टग्रेसमध्ये इन्फर्मेशन स्कीमा ७.४ या आवृत्तीला म्हणजे २००३ मध्ये आली, मायएसक्यूएलमध्ये ५.० ला. आणि आली तरी सगळीकडे उत्तर सारखं येत नाही. कोटशिवाय लिहिलेलं टेबलचं नाव ओरॅकल कॅपिटलमध्ये साठवतं आणि पोस्टग्रेस स्मॉलमध्ये, त्यामुळे सिलेक्टच्या वेअरमध्ये, म्हणजे अटीत, नाव चुकीच्या केसमध्ये टाकलं की एरर नाही, काही नाही, नुसते शून्य रो, आणि नवीन माणसाला वाटतं टेबलच नाही. तसंच ज्या कॉलमवर तुम्हाला हक्क नाहीत ते इन्फर्मेशन स्कीमा दाखवतच नाही. पोस्टग्रेसमध्ये ॲरे असेल तर टाइपच्या जागी फक्त ॲरे एवढंच येतं, आत इंटिजर आहेत की टेक्स्ट ते यूडीटी नेम या कॉलममध्ये बघावं लागतं.

सिस्टिम आरचा तो विचार डोळ्यांनी बघायचा असेल तर पोस्टग्रेसचा पीएसक्यूएल हा प्रोग्रॅम मायनस कॅपिटल ई देऊन चालू करा आणि बॅकस्लॅश डी मारा. त्यामागे चाललेल्या क्वेऱ्या जशाच्या तशा छापून येतात, साधे सिलेक्टच असतात ते, पीजी ॲट्रिब्यूट (यात कॉलमची यादी असते) वगैरे टेबलांवरचे. त्यात ड्रॉप केलेले, म्हणजे काढून टाकलेले, कॉलम वगळायची एक अट दिसेल, कारण कॉलम ड्रॉप केला तरी पीजी ॲट्रिब्यूटमधला त्याचा रो पुसला जात नाही, नाव बदलतं, टाइप जातो, पण त्याचा नंबर तसाच अडवून तो तिथे बसलेला असतो.