मोशेच्या गाण्यातले इतर देव

दसऱ्याला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि धर्मचिकित्सेची पुस्तके तिथे हातोहात जातात. याच विषयावर वर्षभर व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरते, ते मात्र दोन टोकांचे असते. एक दावा असा की, यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लामी ग्रंथांत दुसऱ्या देवाला जागाच नाही. दुसरा सध्या जोरात आहे: बायबल मुळात अनेक देव मानणारे होते, पुढे धर्मगुरूंनी ते दडपले. हस्तलिखिते समोर ठेवली की दोन्ही दावे लंगडे पडतात. मधे जे उरते ते जास्त रंजक आहे, आणि ते तपासण्याची पद्धत हा तर विज्ञानाचा एक देखणा नमुना आहे.

आधी प्रश्न फोडून घेऊ. ‘दुसरा देव आहे का’ आणि ‘दुसऱ्या देवाची पूजा करायची का’ हे दोन वेगळे प्रश्न. नागपूरकराला हा फरक समजावून सांगायची गरज पडू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी इथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिलीत दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे आल्या आहेत: ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही आणि त्यांची उपासनाही करणार नाही. बायबलातल्या दहा आज्ञांपैकी पहिली आज्ञा (निर्गम २०:३) यातल्या दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलते: माझ्यासमोर तुला अन्य देव नसावेत. ते अस्तित्वात आहेत की नाहीत, यावर तिथे एक अक्षर नाही. मीखाच्या पुस्तकात (४:५) तर सरळ म्हटले आहे की, बाकीची राष्ट्रे आपापल्या देवाच्या नावाने चालतात, आम्ही आमच्या परमेश्वराच्या नावाने चालू. अस्तित्व नाकारलेले नाही, निष्ठा तेवढी एकाशी. अभ्यासक याला एकेश्वरवादापासून वेगळे काढून ‘एकोपासना’ म्हणतात.

आता ज्या ओळीसाठी हा लेख लिहिला तिच्याकडे वळू. मराठी बायबलात ‘अनुवाद’ नावाचे पाचवे पुस्तक आहे. त्याच्या ३२व्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याचे गाणे आहे. आठव्या ओवीचा आशय असा: परात्पराने राष्ट्रांना त्यांचा वाटा दिला, मानवजात वेगवेगळी केली, तेव्हा त्याने राष्ट्रांच्या सीमा अमुक यांच्या संख्येप्रमाणे ठरवल्या. नववी म्हणते: परमेश्वराचा वाटा म्हणजे त्याचे लोक, याकोब (त्याचेच दुसरे नाव इस्राएल). सगळा खेळ त्या ‘अमुक’मध्ये आहे, कारण तिथे वेगवेगळ्या प्रतींत तीन पाठ, म्हणजे मजकुराची तीन रूपे, मिळतात.

मसोरा परंपरेच्या, म्हणजे यहुदी नकलनवीसांनी पिढ्यानपिढ्या जपलेल्या, हिब्रू प्रतीत ‘इस्राएलाचे पुत्र’ आहे. या परंपरेची आज हाती असलेली सर्वात जुनी संपूर्ण प्रत इसवी सन १००८-०९ च्या सुमाराची. बहुतेक ग्रीक प्रतींत ‘देवाचे दूत’ आहे. हे ग्रीक भाषांतर इ.स.पू. तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात सुरू झाले. आणि मृत समुद्राकाठच्या कुमरानमध्ये १९५२ साली सापडलेल्या चौथ्या गुहेतल्या चामड्याच्या एका लहानशा तुकड्यावर ‘देवाचे पुत्र’ आहे. या प्रतीला अभ्यासक ‘जे’ म्हणतात. अक्षरांच्या वळणावरून ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातली ठरते, म्हणजे मसोरा प्रतीपेक्षा सुमारे साडेनऊशे वर्षे जुनी.

जुनी म्हणजे खरी, असे मात्र पाठचिकित्सेत, म्हणजे प्रती ताडून मूळ मजकूर शोधण्याच्या शास्त्रात, चालत नाही. जुनी प्रत वाईट नकलेची असू शकते आणि नवी प्रत चांगल्या घराण्याची. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी केली, तेव्हा हीच अडचण होती. तिथे विचारायचा प्रश्न असा: कोणत्या पाठातून बाकीचे पाठ निपजले असतील? उलट दिशेने जाऊन पाहा. मुळात निरुपद्रवी ‘इस्राएलाचे पुत्र’ असते, तर श्रद्धाळू नकलनवीस त्या जागी ‘देवाचे पुत्र’ हे डोकेदुखीचे शब्द कशाला घालील? मुळात ‘देवाचे पुत्र’ असतील, तर मात्र दोन्ही बदल समजतात. ग्रीक परंपरेत कुणीतरी पुत्रांचे दूत केले. जुन्या ग्रीक तुकड्यांपैकी एका पपायरसवर ‘पुत्र’च आहे, त्यामुळे ही मधली पायरीही दिसते. हिब्रू परंपरेत कुणीतरी पुत्र तसेच ठेवून बाप बदलला. मूळ शब्द ‘एल’ (देव) एवढाच असेल, तर त्याआधी तीन अक्षरे जोडली की ‘इस्राएल’ तयार होतो, असाही एक तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही, पण सुटसुटीत आहे.

अवघड पाठ तो आधीचा, हा नियम आंधळेपणाने वापरला की घात होतो. हात चुकून अक्षर पडले, तरी वाक्य अवघड होतेच. म्हणून दुसरी कसोटी लावतात: अवघड पाठ संदर्भात बसतो का? राष्ट्रांची वाटणी बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, ‘उत्पत्ती’च्या, १०व्या अध्यायाकडे बोट दाखवते. त्या वेळी इस्राएल जन्मालाही आलेला नव्हता. त्याच्या पुत्रांच्या संख्येने जगाच्या सीमा कशा आखणार? ‘देवाचे पुत्र’ ठेवले की अर्थ लागतो. जितके देवपुत्र तितकी राष्ट्रे, एकेकाला एकेक.

इथे सत्तरचा आकडा येतो. उत्पत्ती १० मधली राष्ट्रे परंपरेने सत्तर मोजतात. मसोरा प्रतीत निर्गम १:५ प्रमाणे याकोबाचे वंशजही सत्तर आहेत, म्हणजे ‘इस्राएलाचे पुत्र’ म्हणणाऱ्याला एक आधार होता. पण त्याच ओवीत ग्रीक भाषांतर पंचाहत्तर म्हणते, आणि कुमरानच्या एका निर्गम-प्रतीतही पंचाहत्तर आहे. सत्तरची जुळणी सगळ्या परंपरांत नव्हतीच. दुसरीकडे सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा इथे १९२९ पासून झालेल्या उत्खननात उगारित नगर सापडले. तिथल्या मातीच्या पाट्या बायबलच्या बहुतेक मजकुरापेक्षा काही शतके जुन्या. त्यांत थोरला देव एल, त्याची पत्नी अथिरत आणि तिचे सत्तर पुत्र आहेत. सत्तर हा त्या भागात ‘पूर्ण गोतावळा’ दाखवणारा ठरीव आकडा होता. व्हॉट्सअ‍ॅपवरचे अंकशास्त्री त्यातून भविष्य काढतात. त्याला काडीचा आधार नाही.

देवांच्या अशा वाटणीत विदर्भातल्या वाचकाला परके वाटावे असे काही नाही. गोंड समाजात कुळे देवांच्या संख्येने ओळखली जातात: चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. सारख्या संख्येच्या कुळांत सोयरीक होत नाही. कुणाचे देव किती यावरून माणसाची समाजातली जागा ठरते, आणि सात देव्यांच्या लेखी सहा देव्यांचे देव खोटे ठरत नाहीत. गंमत म्हणजे गोंडांची ही परंपरा कागदावर उतरवणाऱ्या पहिल्या लोकांत एकेश्वरवादी पाद्री होते. ज्यांच्या नावाचे कॉलेज आज सिव्हिल लाइन्समध्ये आहे, ते स्टीफन हिस्लॉप. टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना १८६३ मध्ये ते नदीत बुडून गेले. गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याच्या गीतासह त्यांची टिपणे इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून आणली.

परत गाण्याकडे. एका तुकड्यावर एवढा डोलारा कसा, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून त्याच गाण्याची शेवटची ओवी (३२:४३) बघायची. मसोरा प्रतीत राष्ट्रांना सांगितले आहे की त्याच्या लोकांचा जयजयकार करा. कुमरानच्या दुसऱ्या, ‘क्यू’ नावाच्या प्रतीत आकाशाला सांगितले आहे की त्याच्यासह आनंद करा, आणि सगळ्या देवांना सांगितले आहे की त्याला दंडवत घाला. वेगळी प्रत, वेगळा हात, गाण्याचे दुसरे टोक, आणि बदलाची दिशा तीच: मसोरा प्रतीतून देव गायब. दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले की संशयाला जागा कमी राहते.

मग दडपले म्हणणारे बरोबर? घाई नको. बायबलातल्याच स्तोत्रसंहितेत (९७:७) ‘सर्व देवहो, त्याला दंडवत घाला’ ही जवळपास तीच ओळ मसोरा प्रतीतही जशीच्या तशी आहे. स्तोत्र ८२ मध्ये देव देवांच्या सभेत उभा राहून न्याय करतो, ‘तुम्ही देव आहात, परात्पराचे पुत्र आहात’ म्हणतो आणि लगेच ‘पण माणसांसारखे मराल’ अशी शिक्षा सुनावतो. तेही शाबूत आहे. (हे देव म्हणजे मानवी न्यायाधीश, असा अर्थ नंतरच्या परंपरेत पुष्कळांनी लावला.) कट असता, तर पहिल्यांदा हे स्तोत्र उडाले असते. दिसते ती एखाददुसऱ्या नकलनवीसाची डागडुजी, तीही अर्धवट.

या तुकड्यांचे वाचन आणि वय कसे ठरते, तेही पाहू. चामडे काळवंडले की डोळ्यांना शाई दिसत नाही. पण काजळीची शाई अवरक्त प्रकाश शोषते आणि जुने चामडे तो परावर्तित करते, म्हणून त्या प्रकाशात काढलेल्या फोटोत अक्षरे काळी उठून येतात. इस्रायलमध्ये आता प्रत्येक तुकड्याचे बारा तरंगलांबींवर फोटो घेतात: सात दृश्य, पाच अवरक्त. वयासाठी कार्बन-१४. जीव मेला की त्याच्यातला हा कार्बन ठरलेल्या गतीने घटतो, ५७३० वर्षांत निम्मा होतो. १९५० च्या सुमारास गुंडाळ्यांवरचे लिननचे कापड तपासले तेव्हा त्यातले बरेच जाळावे लागले होते. १९९० च्या दशकात झुरिक आणि अमेरिकेतल्या टूसॉनला कणांचा वेग वाढवणारे यंत्र (त्वरक) वापरून काही मिलिग्रॅममध्ये काम भागले. घोटाळा झाला तो एरंडेल तेलाचा. १९५० च्या दशकात अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून अभ्यासकांनीच काही तुकड्यांना ते चोळले होते. ताजे तेल म्हणजे ताजा कार्बन. नमुना नीट धुतला गेला नाही, तर चामडे आहे त्यापेक्षा तरुण ठरते. शिवाय कार्बन वय सांगतो ते जनावर मेल्याचे. शाई नवी असू शकते. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयातले सोळाही तुकडे २०२० मध्ये बनावट ठरले, ते याच प्रकारचे: चामडे प्राचीन, पण सूक्ष्मदर्शकाखाली शाई जुन्या भेगांत उतरून साचलेली दिसली. ओळ लिहिताना चामडे गुळगुळीत होते की आधीच तडकलेले, हे शाई कुठे थांबली त्यावरून कळते.

२०२५ मध्ये नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या गटाने अक्षरांच्या वळणावरून वय सांगणारा ‘इनॉक’ हा संगणकी नमुना जाहीर केला, आणि ‘एआयने बायबलचे रहस्य उलगडले’ अशा बातम्या आल्या. काम चांगले आहे. पण वय सांगितले जाते ते त्या नकलेचे. त्यातली कविता किती जुनी, हे त्यावरून कळत नाही. देव किती, हे तर मुळीच नाही.

आता पहिल्या दाव्याची बाजू. त्याच गाण्यात (३२:३९) परमेश्वर म्हणतो, मीच तो, माझ्याजोडीला दुसरा देव नाही. हा नकार अस्तित्वाचा की तोलामोलाचा? याला एक सुंदर चाचणी आहे. सफन्या २:१५ मध्ये निनवे नगरी आणि यशया ४७:८ मध्ये बाबेल म्हणते, ‘मीच आहे, माझ्याखेरीज कोणी नाही.’ जगात दुसरे शहर नाही, असे बाबेलला म्हणायचे नसणार. माझी बरोबरी करणारे कोणी नाही, एवढाच अर्थ. म्हणजे नुसत्या या धाटणीच्या वाक्यावरून अस्तित्व नाकारले असे सिद्ध होत नाही. जिथे ते खरोखर नाकारले आहे, तिथे भाषाच वेगळी आहे. यशया ४४ मध्ये एक माणूस लाकूड तोडतो, अर्ध्यावर भाकर भाजतो, मांस शिजवतो, शेकतो, आणि उरलेल्याचा देव करून त्याच्या पाया पडतो. तिथे मूर्तीमागे कोणी आहे, ही शंकासुद्धा लेखकाच्या मनाला शिवत नाही. हा भाग बहुतेक अभ्यासक इ.स.पू. सहाव्या शतकात यहुद्यांना बाबेलला हद्दपार केले होते, त्या काळात ठेवतात.

ग्रंथ काय म्हणतो आणि लोक काय करतात, यांतले अंतर एका यादीत दिसते. इजिप्तमधल्या एलेफंटाइन बेटावर यहुदी शिपायांची वसाहत होती. तिथे सापडलेल्या, इ.स.पू. ४०० च्या सुमाराच्या पपायरसवर देवळाच्या वर्गणीची नोंद आहे, माणशी दोन शेकेल चांदी. शेवटी वाटप दिले आहे: याहूसाठी (म्हणजे बायबलच्या परमेश्वरासाठी) १२६ शेकेल, एशेम-बेथेलसाठी ७०, अनाथ-बेथेलसाठी १२०. म्हणजे हद्दपारीनंतर शतकभराने एका यहुदी वसाहतीच्या हिशेबात आणखी दोन देवतांचे खाते चालू होते.

नव्या करारात आणि कुराणात मधली वाट निघते. ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो (१ करिंथ ८) की, मूर्ती काहीच नाही, एकच देव आहे. दोन अध्यायांनी (१०:२०) म्हणतो, ते यज्ञ भुतांना पोचतात. हे वाक्य मोशेच्या गाण्याच्या सतराव्या ओवीतून आले आहे. कुराणात लात, उज्जा आणि मनात या जुन्या अरबी देवींची नावे घेऊन (५३:१९-२३) ती तुम्ही आणि तुमच्या पूर्वजांनी ठेवलेली नुसती नावे आहेत, असे सांगितले आहे. त्याच ग्रंथात (३४:४१) फरिश्ते म्हणतात की, हे लोक जिन्नांची उपासना करत होते. आणि २१:२२ मध्ये तर तर्कच मांडला आहे: आकाशात आणि पृथ्वीवर अल्लाहखेरीज इतर देव असते, तर दोन्हींचा विस्कोट झाला असता.