मोटारसायकलचे टॅपेट सेटिंग

चार-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्हची (वायू आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची) दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये मुद्दाम ठेवलेली बारीक फट मोजून ती कंपनीने ठरवून दिलेल्या मापावर आणण्याचे काम. गॅरेजमध्ये या कामाला ‘टॅपेट मारणे’ असेही म्हणतात. भारतातल्या १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांत हे काम स्क्रू आणि त्याला जागेवर घट्ट धरणारा चेक नट यांनी होते. थोडी साधने आणि थंड इंजिन असेल तर ते घरच्या अंगणातही तासाभरात उरकते. यामाहा आरएक्स १००, जुनी येझदी किंवा जुनी बजाज चेतक अशा दोन-स्ट्रोक गाड्यांना असे व्हॉल्व्हच नसतात, त्यामुळे त्यांना टॅपेटही नाही.

फट का ठेवतात
इंजिन तापले की व्हॉल्व्ह लांबतो आणि ॲल्युमिनियमचे हेडही (सिलिंडरवरचे झाकण) फुगते. पण दोघांचे प्रमाण वेगळे, आणि थंड इंजिन पूर्ण तापेपर्यंत ते बदलत राहते. या सगळ्या प्रवासात फट कधीही शून्यावर येऊ नये एवढीच अट असते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेल्या वायूत भाजत असल्याने बऱ्याच इंजिनांत त्याची फट इनलेटपेक्षा (मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हपेक्षा) जास्त असते. बजाज पल्सर १५० ला इनलेट ०.०५ मिमी आणि एक्झॉस्ट ०.१० मिमी असे माप आहे. होंडाच्या जुन्या सी७०, सी९० या आडव्या इंजिनांना दोन्हीकडे ०.०५ मिमी, तर सीजी१२५ ला दोन्हीकडे ०.०८ मिमी. ही मापे एकमेकांना लावता येत नाहीत. एकाच नावाच्या गाडीत मॉडेल बदलले की माप बदललेले असू शकते, म्हणून आपल्या गाडीचे मॅन्युअल उघडून पाहावे. इंचाच्या हिशेबात बोलणारे मेकॅनिक ०.०५ मिमीला ‘दोन थाऊ’ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि ०.१० मिमीला ‘चार थाऊ’ म्हणतात.

आवाज करणारा टॅपेट आणि गप्प टॅपेट
‘टॅपेट वाजतंय, टाइट करून द्या’ अशी तक्रार घेऊन गाडी गॅरेजात येते आणि कानाला शांत वाटेपर्यंत स्क्रू आवळला जातो. या कामातली सगळ्यात महागडी चूक हीच. फट वाढलेला टॅपेट टिकटिक करतो, पण त्याने लगेच मोठे नुकसान होत नाही. कॅमच्या (रॉकरला ढकलणाऱ्या फिरत्या उंचवट्याच्या) सुरुवातीचा उतार फट हळूच भरून काढण्यासाठी घासलेला असतो. फट जास्त झाली की रॉकर त्या उताराच्या पुढे, चढ असलेल्या भागावर आपटतो. आवाज त्याचाच, आणि वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले तर रॉकरचे तोंड आणि स्क्रूचे टोक ठोकून खराब होते.

फट संपलेला व्हॉल्व्ह मात्र काहीच बोलत नाही. उघडझाप होताना व्हॉल्व्ह सीटवर (बंद होताना तो हेडमधल्या ज्या कड्यावर टेकतो त्यावर) थोडा थोडा घासून वर सरकतो, त्याची दांडी रॉकरकडे येते आणि फट आपोआप कमी होत जाते. रॉकर-स्क्रूची झीज फट वाढवते, सीटची झीज ती कमी करते. कोण जिंकेल ते इंजिनावर अवलंबून. फट शून्य झाली की व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतांश उष्णता सीटला टेकलेला असतानाच हेडमध्ये सोडतो. टेकलाच नाही तर त्याची कड जळते आणि सीटशी उरलेल्या बारीक जागेतून ज्वाळा जाऊन खाच पडते. याची लक्षणे अशी : सकाळी पाच-सहा किका माराव्या लागतात, गाडी तापल्यावर आयडलिंग डळमळते, किक पूर्वीपेक्षा हलकी लागते, सायलेन्सरमधून फटफट येते. इनलेट आवळलेला असेल तर कार्ब्युरेटरकडून शिंकल्यासारखा आवाज येतो. तेव्हा शंका असेल तर माप सैल बाजूला ठेवावे. हलकी एकसारखी टिकटिक हे निरोगी इंजिनाचेच लक्षण आहे.

टिकटिक टॅपेटचीच आहे ना, हेही ठरवावे लागते. कॅम क्रॅंकच्या (पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे १,४०० आरपीएमच्या आयडलिंगला एक टॅपेट मिनिटाला ७०० वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण बारा वेळा वाजतो. कॅम फिरवणाऱ्या टायमिंग चेनचा आवाज सरसर, खरखर असतो आणि थ्रॉटल सोडताना जास्त जाणवतो. पिस्टनचा आवाज थंड इंजिनात मोठा असून तापल्यावर कमी होतो. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक टॅपेट कॅपला लावले की बराच उलगडा होतो.

साधने
फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा संच, सगळ्यात महत्त्वाचा. बाजारातल्या अनेक संचांत सर्वांत पातळ पट्टी ०.०५ मिमीची असते. शक्य असेल तर ०.०३ किंवा ०.०४ पासून सुरू होणारा संच घ्यावा. काही ठिकाणी दाढीचे ब्लेड घालून टॅपेट मारतात. ब्लेडची जाडी सुमारे ०.१ मिमी, म्हणजे ०.०५ च्या इंजिनात ती दुप्पट भरते. बाकी लागते ते : चेक नटला बसणारा रिंग पाना (होंडाच्या घराण्यातल्या छोट्या इंजिनांत बहुधा ८ किंवा ९ मिमी), स्क्रूच्या चौकोनी डोक्याला ३ मिमीची टॅपेट की, टॅपेट कॅपसाठी सॉकेट (बऱ्याच गाड्यांत १७ मिमी), प्लग पाना, क्रॅंकच्या टोकावरच्या मॅग्नेटचा नट फिरवायला सॉकेट आणि टॅपेट कॅपच्या नव्या ओ-रिंगा. ओ-रिंग काही रुपयांची असते. जुनी कडक झालेली परत बसवली की आठवड्यात हेड तेलकट होते. चौकोनी डोके पकडीने कधीही धरू नये. एकदा कोपरे गोल झाले की पुढच्या वेळी रॉकर काढायची पाळी येते.

काम कसे करतात
इंजिन थंड हवे, आणि थंड म्हणजे हात लावण्याइतपत नव्हे. होंडाच्या मॅन्युअलांत ३५ अंश सेल्सिअसच्या खाली अशी अट असते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी काम करावे. मे महिन्यात नागपूर किंवा चंद्रपूरला दुपारी सावलीतसुद्धा ही अट पाळता येत नाही. ग्राहक बाकावर बसून वाट पाहत असताना तापलेल्या इंजिनावर केलेले सेटिंग म्हणूनच भरवशाचे नसते.

गाडी मेन स्टॅंडवर घेऊन आधी हेडभोवतीची माती ब्रशने आणि रॉकेलने साफ करतात. कॅप उघडल्यावर आत पडणारा वाळूचा कण कॅमपर्यंत जातो. उभ्या इंजिनाच्या बहुतेक गाड्यांत टाकी काढावी लागते. स्प्लेंडरसारख्या आडव्या इंजिनात ती तशीच राहिली तरी चालते, मात्र एक्झॉस्टची कॅप खालच्या तोंडाची असल्याने उघडताच थोडे तेल ओघळते. खाली फडके ठेवावे. स्पार्क प्लग काढला की कॉम्प्रेशन निघून जाते आणि इंजिन हाताने सहज फिरते.

आता पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीवर, म्हणजे सर्वांत वरच्या टोकाला, आणायचा. डाव्या बाजूच्या कव्हरवरची दोन झाकणे काढली की मधल्या भोकातून मॅग्नेटचा नट आणि वरच्या छोट्या भोकातून मॅग्नेटवरच्या खुणा दिसतात. तिथे ‘टी’ आणि ‘एफ’ अशी दोन अक्षरे असतात. ‘एफ’ ही ठिणगीची खूण, ती टीडीसीच्या थोडी आधी येते. आपल्याला ‘टी’ शेजारची रेघ कव्हरच्या खाचेसमोर हवी. नट इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने फिरवावा. डावीकडून पाहताना होंडा घराण्यातल्या इंजिनांत ती घड्याळाच्या उलट असते. खूण पुढे निघून गेली तर मागे न ओढता पुन्हा पूर्ण फेरा घ्यावा, कारण काही इंजिनांत कॅमवर ऑटो डिकॉम्प्रेसर (सुरू करताना कॉम्प्रेशन कमी करणारी रचना) असतो आणि उलट फिरवल्यावर तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो. सॉकेट हाताशी नसेल तर टॉप गिअर टाकून मागचे चाक फिरवले तरी चालते.

‘टी’ खूण क्रॅंकच्या प्रत्येक फेऱ्याला येते, पण दोन फेऱ्यांतून एकदाच ती कॉम्प्रेशनची असते. ती ओळखायला इनलेट रॉकरकडे पाहत फिरवावे. इनलेट व्हॉल्व्ह दबून परत वर आला की त्यानंतर येणारी पहिली ‘टी’ आपली. तिथे दोन्ही रॉकर बोटाने हलवले की बारीक टकटक हलतात. चुकून दुसऱ्या ‘टी’वर थांबलो तर तिथे एक्झॉस्ट बंद व्हायच्या आणि इनलेट उघडायच्या बेतात असतो, फट दिसतच नाही. मग काम करणारा माणूस स्क्रू भरपूर सैल करून मापाची फट ‘तयार’ करतो आणि गाडी सुरू होताच डबा वाजवल्यासारखा गोंगाट होतो.

स्क्रूला हात लावण्यापूर्वी आहे ती फट मोजून लिहून ठेवावी. पट्टी आणि दांडीचे टोक पुसून घ्यावे, कारण तेलाचा थर पातळ पट्टीला खोटी ओढ देतो. पट्टी सरळ आत जाऊन हलकी घासत बाहेर यायला हवी. हाताची ओढ प्रत्येकाची वेगळी, म्हणून दोन पट्ट्यांची कसोटी जास्त पक्की : ०.०५ हवे असेल तर ०.०५ जावी आणि ०.०८ जाऊ नये. माप चुकलेले असेल तर चेक नट अर्धा फेरा ढिला करून, पट्टी फटीत ठेवूनच चौकोनी डोके फिरवतात. स्क्रूच्या आट्यांचा पिच ०.५ मिमी असेल तर पूर्ण फेऱ्याला फट ०.५ मिमीने बदलते, म्हणजे ०.०५ मिमीसाठी फेऱ्याचा दहावा भाग पुरतो. नवशिक्याचा हात इथेच जास्त चालतो.

यानंतर स्क्रू की-ने घट्ट धरून नट आवळायचा. नट आवळताना तो स्क्रूला वर खेचतो, आट्यांमधली ढिलाई निघते आणि फट किंचित वाढते. की सैल धरली असेल तर स्क्रू नटाबरोबर फिरून फट बंदही होते. त्यामुळे आवळल्यावर पुन्हा मोजणे हाच खरा मोजमापाचा टप्पा. दोन-तीनदा करावे लागले तर त्यात कमीपणा नाही. ५ मिमीच्या या नटाला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. लांब पाना लावून जोर केला तर स्क्रू तुटतो. दोन्ही व्हॉल्व्ह झाल्यावर क्रॅंक दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा ‘टी’वर आणावा आणि तपासावे. कॅप आधी हाताने बसवाव्यात, मग हलक्या जोराने. हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि आटे गेले तर खर्च टॅपेट सेटिंगच्या कितीतरी पट.

माप अचूक लावूनही टॅपेट वाजत राहिला तर स्क्रूचे टोक किंवा दांडीचे तोंड पाहावे. तिथे खळगा पडला असेल तर सपाट पट्टी त्याच्या कडांवरून जाते, खरी फट मात्र खळग्याच्या खोलीइतकी जास्त राहते. उपाय नवा स्क्रू. आणखी आवळणे नव्हे.

लहान एअर-कूल्ड गाड्यांत ही तपासणी सर्व्हिसच्या वेळापत्रकाप्रमाणे काही हजार किलोमीटरला येते. नव्या गाडीत पहिली तपासणी चुकवू नये, कारण सीट बसण्याचे बरेचसे काम सुरुवातीलाच होते.

बुलेट
जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये कॅम खाली असतो आणि पुशरॉड, म्हणजे लांब उभ्या दांड्या, रॉकरला ढकलतात. इथे फीलर गेज लागत नाही. सिलिंडरच्या उजव्या बाजूचे छोटे झाकण काढले की पुशरॉडचे खालचे टोक आणि त्याचे नट दिसतात. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर; पुशरॉड दोन बोटांत धरून सहज गोल फिरला पाहिजे, पण वरखाली अजिबात खेळता कामा नये. फट शून्य ठेवूनही व्हॉल्व्ह अडकत नाही, कारण तापल्यावर सिलिंडर वाढतो आणि फट उघडत जाते. पातळ पाने इथे आवश्यक. जाड पाना दोन नटांमध्ये जातच नाही. २००८-०९ पासून आलेल्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेल्या) इंजिनांत तेलाच्या दाबाने फट आपोआप भरणारे हायड्रॉलिक टॅपेट आहेत आणि त्यांना सेटिंग नाही. महिनाभर उभी असलेली अशी गाडी सुरू करताना थोडा वेळ वाजली तर ते तेल भरेपर्यंतचे.

शिमच्या गाड्या
दोन कॅमच्या अनेक इंजिनांत स्क्रूऐवजी ठरावीक जाडीची पोलादी चकती, म्हणजे शिम, बसवतात. तपासणीचा टप्पा मोठा असतो, पण माप बदलायला कॅम उचलावा लागतो. नवी शिम = जुनी शिम + मोजलेली फट − हवी असलेली फट. जुनी २.६० मिमी, मोजलेली ०.०८ आणि हवी ०.१५ असेल तर २.५३ येते; ०.०२५ च्या पायऱ्यांनी मिळणाऱ्या शिममध्ये २.५२५ घ्यावी. शिमवरचा आकडा पुसट किंवा झिजलेला असतो, म्हणून मायक्रोमीटरने मोजावे. व्यास आधी पाहावा, ७.४८ आणि ९.४८ मिमी हे दोन प्रचलित आहेत. चेनच्या बोगद्यात फडके कोंबल्याशिवाय एकही बोल्ट ढिला करू नये. आत पडलेली शिम काढायला कधीकधी इंजिन उतरवावे लागते. कॅम होल्डरचे बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने, पाव-पाव फेऱ्याने सोडावेत आणि तसेच आवळावेत.

सेटिंगने न सुटणारे
लिहून ठेवलेल्या आकड्यांत एकाच व्हॉल्व्हची फट प्रत्येक वेळी कमी होताना दिसली तर सीट बसत चालली आहे. हेड उतरवून पोर्टमध्ये (व्हॉल्व्हपर्यंतच्या वायूच्या वाटेत) रॉकेल ओतावे; व्हॉल्व्हच्या कडेने झिरपले तर सीट कटिंग आणि लॅपिंग (व्हॉल्व्ह आणि सीट एकमेकांवर घासून बसवणे) करून घ्यावे. असे हेड परत चढवल्यावर ५०० किमीला टॅपेट पुन्हा तपासावेत, कारण ताजी घासलेली सीट पहिल्या काही तापण्या-निवण्यात आणखी बसते.