सरपण

चुलीत जाळण्यासाठी गोळा केलेले किंवा तोडलेले लाकूड, तसेच त्याच्या जोडीने जाळला जाणारा काटक्या, धसकटे, शेणी असा सगळा माल म्हणजे सरपण. कोल्हापूर-सांगलीकडे याला ‘जळण’ म्हणतात, देशावर इतरत्र ‘लाकूडफाटा’ हा शब्दही चालतो आणि विदर्भात ‘सरपन’ किंवा नुसते ‘इंधन’. ज्याचा वासा होत नाही, औत होत नाही, दावणीचा खुंटाही होत नाही ते लाकूड सरपणात जाते. मोडलेली बैलगाडी, वाळवी लागलेली चौकट, पडक्या गोठ्याचे वासे यांचीही अखेर तिथेच होते.

‘सरपणासाठी झाडे तोडली, म्हणून डोंगर बोडके झाले’ हे वाक्य शाळेच्या निबंधांतून फार पसरले आहे. खेड्यातल्या रोजच्या चुलीपुरते बोलायचे तर ते अर्धेच खरे आहे. भाकरी भाजायला आख्खे झाड पाडणे हे कष्टाचे आणि बिनफायद्याचे काम. ओले लाकूड पेटत नाही, ओंडका चुलीच्या तोंडात शिरत नाही आणि बुंधा फोडायला गड्याचा दिवस मोडतो. चूल चालली ती बहुतेक वाळलेल्या फांद्यांवर, बांधावरच्या बाभळीच्या छाटणीवर आणि शेतातल्या उरल्यासुरल्यावर. कपाशीच्या पट्ट्यात, म्हणजे विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात, पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कपाशीची आणि तुरीची वाळलेली झाडे, हेच मुख्य सरपण. उसाच्या मुलखात गुऱ्हाळाची चिपाडे आणि मक्याची बुरकुंडे. पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, मात्र भसकन जळून जाते, त्यावर दूधही धड तापत नाही. कोकणात माडाची चुडते, नारळाची सोडणे, करवंट्या, आंब्याकाजूच्या फांद्या. आणि जिथे झाडोराच कमी, त्या अवर्षणाच्या पट्ट्यात शेणी, म्हणजे गोवऱ्या. त्या थापल्या की शेताला तेवढे खत कमी पडते, हे थापणारीलाही ठाऊक असते.

पऱ्हाट्यांचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. शेवटची वेचणी झाली की त्या उपटून बांधावर किंवा घरामागे त्यांची गंजी घालतात, वर्षभराचे जळण होते. पण गुलाबी बोंडअळी याच ढिगातल्या न उमललेल्या बोंडांत तग धरते आणि पुढच्या हंगामात शेतात परतते. २०१७ साली तिने विदर्भात कपाशीचे मोठे नुकसान केले. तेव्हापासून पऱ्हाट्या साठवू नका, असे कृषी खाते दरवर्षी बजावते. सल्ला बरोबर आहे. फक्त तो देणाऱ्याच्या घरी गॅस असतो.

लाकडालाही गुण-अवगुण असतात आणि ते सांगण्यात बायकांचा हात धरणारा वनस्पतिशास्त्रज्ञ विरळा. बाभूळ सगळ्यांची आवडती: जड, सावकाश जळणारी, निखारा टिकवणारी. जंगलात धावडा, ऐन, खैर, किंजळ यांचा जाळ तसाच खणखणीत. पांगारा, काटेसावर, शेवगा ही फोफशी झाडे. ओझे मोठे दिसते, उष्णता काहीच नाही. वड, पिंपळ आणि उंबर यांना देवपण असल्यामुळे ती चुलीत घालायला लोक धजत नाहीत. बिब्ब्याच्या वाटेला तर कोणीच जात नाही, कारण तो उततो: चीक लागला तर कातडीवर फोड येतात आणि धुराने तोंड-डोळे सुजतात. देवराईतले सुकून पडलेले लाकूडसुद्धा उचलायचे नाही, हा सह्याद्रीतल्या अनेक गावांचा जुना नेम. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा भोवतालचे डोंगर उघडे पडले असताना याच धाकाने राखलेले रानाचे तुकडे त्यांना सापडले.

कामाची वाटणी ठरलेली असते. बुंध्यावर कुऱ्हाड चालवणे आणि ओंडके फोडणे पुरुषांकडे. वेचणे, मोळी बांधणे, वाहणे, रचणे आणि जाळणे बायका-मुलींकडे. कुऱ्हाडीचे पाते लोहार घडवतो. दांड्यासाठी सुतार धामण किंवा बाभूळ निवडतो, कारण धामणीचे लाकूड चिवट आणि लवचीक, घावाचा दणका मनगटापर्यंत येऊ देत नाही. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण याच दांड्यावरून आली. ओंडका फोडताना आधी त्याची चीर पाहतात. वाळताना पडलेली भेग जिकडे जाते, तिकडेच घाव घालायचा. जाड असेल तर भेगेत पाचर बसवून वरून घण हाणतात. गाठीचे लाकूड मात्र कोणाला जुमानत नाही. ते अंगणात पडून राहते, त्यावर म्हातारी माणसे बसतात आणि शेवटी ते शेकोटीला जाते. उंचावरच्या वाळक्या फांद्यांसाठी लांब वेळूला आकडी बांधतात. आकडीने फांदी कडकन मोडली तर ती सुकी. वाकली, तर सोडून द्यायची.

मोळी बांधणे ही वेगळीच कला आहे. खाली दोर आडवा टाकतात, त्यावर जाड लाकडे, मध्ये काटक्या, काटेरी फांद्या आत दाबलेल्या, आणि गुडघा रोवून दोर आवळतात. दोर नसेल तर रानवेल किंवा पळसाच्या मुळाचा वाक कामी येतो. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी. बाईच्या डोक्यावरची मोळी सहज वीस ते तीस किलोंची भरते आणि ती उचलून द्यायला दुसरीचा हात लागतो. म्हणून सरपणाला एकटीने जायचे नाही, जावा-नणंदा नाहीतर शेजारणी मिळून जायचे, ही रीत पडली. सासूच्या कानावर जाऊ नये अशा कितीतरी गोष्टी याच वाटेवर बोलल्या गेल्या असतील.

या कामाचा खरा हंगाम सुगी आटोपल्यानंतर मृग लागेपर्यंतचा. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकते. ते उन्हाळ्यात वाळले नाही तर पावसाळाभर चूल नुसती धुमसते. म्हणून चैत्र-वैशाखात पावसाळ्याची बेगमी चालते: फोडलेली लाकडे पडवीत किंवा वळचणीला रचायची, चिपाडे माळ्यावर टाकायची, शेणींचा हुडवा रचून तो वरून शेणाने लिंपायचा. सोयरीक ठरवायला आलेला जाणता माणूस परड्यातल्या या राशीकडे हळूच नजर टाकतो. घरातल्या माणसांची कामाची शिस्त तिथे दिसते.

होळीच्या दिवसांत ही रास राखावी लागते. गावातल्या पोरांनी लाकडे आणि गोवऱ्या पळवून होळीत घालायच्या, हा शिमग्याचा हक्कच समजला जातो. चोरीला गेल्यावर बोंब ठोकायची, पण पोलिसांत जायचे नाही.

चुलीपुरत्या लाकडापेक्षा विकण्यासाठीच्या लाकडाची गोष्ट निराळी. मुंबई-ठाण्यासारख्या शहरांच्या वखारींना, वीटभट्ट्यांना आणि कोळशाला लाकूड लागू लागले, तेव्हा कुऱ्हाड बुंध्यावर आली. कोळसा पाडताना लाकडे गोल रचून त्यांवर गवत आणि माती लिंपतात, आतला विस्तव हवेविना कित्येक दिवस धुमसत ठेवतात. हाती येतो तो कोळसा लाकडाच्या वजनाचा लहान हिस्सा. बाकीचे धूर होऊन जाते. रायगड आणि ठाणे भागातल्या कातकरी समाजाचे हे जुने काम. खैराच्या काताशी त्यांचे नावच जोडले गेले आहे. भट्टीवाल्याकडून पावसाळ्यात उचल घ्यायची आणि ती फेडायला कुटुंबासकट सहा-सात महिने परमुलखात राहायचे, हे चक्र अनेक कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या सुटले नाही. आता देशावर कोळसा बहुतेक वेड्या बाभळीचा पडतो. हे बाहेरून आणलेले झुडूप जितके छाटावे तितके फुटते, त्यामुळे त्याच्यासाठी कोणाला हळहळ वाटत नाही. सुबाभूळही बाहेरचीच. उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने चारा आणि जळण अशा दोन्हींसाठी तिचा प्रसार केला.

कायद्याला ‘वेचणे’ आणि ‘तोडणे’ यांतला फरक फारसा दिसला नाही. १८७८ आणि पुढे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने रान राखीव झाले, तेव्हा डोंगरावरची काटकीसुद्धा सरकारची ठरली. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) जंगल खात्याने डोंगर-दऱ्या आणि गायराने गिळल्याची तक्रार केली आहे. कोकणातल्या भातशेतकऱ्याची अडचण दुहेरी होती. त्याला सरपणाबरोबर राबही हवा होता, म्हणजे रोपे टाकण्याआधी वाफ्यावर जाळायला ऐन-किंजळाच्या कोवळ्या फांद्यांची कवळे. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांतल्या या कुरबुरींची चौकशी करायला सरकारला वन आयोगच नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह जिथे समुद्राअभावी करता येत नव्हता, तिथे लोकांनी जंगलाचा कायदा मोडला. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव रानातले गवत कापून वऱ्हाडात त्याची सुरुवात केली. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरण तालुक्यातल्या चिरनेरला सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यात सत्याग्रही पडले, आणि जागेवर असलेला मामलेदारही मेला.

पूर्वीच्या मध्य प्रांतातल्या जिल्ह्यांत, म्हणजे नागपूर, भंडारा, चांदा (आजचे चंद्रपूर) भागात, गावकऱ्यांचे ‘निस्तार’ हक्क नोंदलेले होते: घरखर्चाचे लाकूड, जळण, चराई. पश्चिम महाराष्ट्रात तसे काही नसल्यामुळे जंगल खात्याच्या गार्डची मर्जी हाच नियम. कोयता हिसकावला गेला की घरी आठवडाभर बोलणी. स्वतःच्या जमिनीवरच्या झाडालाही १९६४ च्या महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबतच्या अधिनियमाने हात घातला. आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, चिंच अशी अनुसूचित झाडे परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने झुडपी लाकूड आणि खुंट यांना गौण वनोपजात धरले आणि वेचणारीला पहिल्यांदा हक्कदार म्हटले. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो देशातल्या अगदी सुरुवातीच्या हक्कांपैकी.

गावांनी आपणहून घातलेली बंधने याहून कडक निघाली. हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारली, धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने रान राखले. या गावांच्या कौतुकात एक गोष्ट सहसा सुटते. कुऱ्हाडबंदीच्या पहिल्या वर्षांत चुलीखाली काय घालायचे, हा प्रश्न ग्रामसभेत हात वर करणाऱ्यांपेक्षा घरी बसलेल्या बायकांपुढे जास्त होता.

मातीच्या साध्या चुलीत लाकडातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा ते सातवा हिस्सा भांड्याला लागतो. बाकीची धुरातून आणि बाजूने जाते, आणि फुंकणी घेऊन बसलेलीच्या डोळ्यांत व छातीत त्याचा हिशेब उतरतो. निर्धूर चुली १९८० च्या दशकात सरकारी कार्यक्रमातून घरोघर बसल्या, पण नळकांडे काजळीने तुंबले की बहुतेक ठिकाणी कोणी साफ केले नाही. पुण्याच्या आरती या संस्थेने आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसवली, त्याबद्दल तिला २००२ मध्ये ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर खेड्यात पोचवला. पहिला आला तसा दुसरा भरून आणायला रोख पैसे लागतात, म्हणून कित्येक घरांत गॅसवर चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक, चुलीवर भाकरी. आंघोळीचे पाणी तर गॅसवर तापवणे उधळेपणाचे समजले जाते. त्यासाठी न्हाणीजवळची चूल नाहीतर तांब्याचा बंब असतो आणि बंबाला काहीही चालते: ढलप्या, करवंट्या, जुनी वही, सुतारखान्यातला भुसा.

अलीकडे सरपणाला एक नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. महामार्गालगतच्या धाब्यांवर ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची भाकरी’ अशा पाट्या लागतात. तिथे बाभळीची एकसारखी फोडलेली लाकडे वखारीतून वजनावर येतात आणि गिऱ्हाइकाला दिसतील अशी दर्शनी भिंतीला रचून ठेवतात. भाकऱ्या थापणारी बाई मागच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये बसते.